ठकीची धून

त्या घरात ट्रम्पेट वाजवायला बंदी होती, आणि ती शेजाऱ्यांनी किंवा घरमालकाने नव्हे, ट्रम्पेटवाल्याच्या बायकोनेच घातली होती. त्या बंदीला एक्कावन्न वर्षं झाली होती. एवढ्या काळात राज्यं बदलतात, मावशीचा नियम बदलला नव्हता. ट्रम्पेटची पेटी कपाटावर, भिंतीला टेकवून ठेवायची. उघडायची ती घराबाहेर पडल्यावर, आणि आत यायचं ते तिला कुलूप लावून. ज्या माणसाच्या तबकड्या लोकांनी झिजेपर्यंत ऐकल्या, त्याला स्वतःच्या घरात साधी शीळ घालायची चोरी होती.

मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे तिच्या हातचे, म्हणून ती सगळ्यांची मावशी. खिडकीशी टेबल, टेबलावर हाताने फिरवायचं काळं शिवणयंत्र, आणि तिच्या तोंडात टाचण्या. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही त्या धंद्यातली मोठी सोय आहे. तिच्या नवऱ्याला सगळं जग सुसाट म्हणायचं. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. मूकपटांच्या काळात तो पडद्यावर धडपडायचा. बोलपट आले तसं धडपडता धडपडता वाजवलेलं त्याचं ट्रम्पेट ऐकूही यायला लागलं, आणि पुढे नुसत्या जॅझवर त्याने नाव काढलं. याच्याइतकी चपळ बोटं दुसऱ्या कुणाची नाहीत, असं पेपरवाले लिहायचे. संथ वाजवणं या माणसाच्या पिंडातच नाही, असंही लिहायचे. मावशी ते वाचायची आणि मनात म्हणायची, बरोबर आहे, पिंडात आधी काही असावं लागतं.

आता तो शहात्तर वर्षांचा झाला होता. दात पेल्यात, ओठ सैल पडलेले, हाताला कंप. पेटी दहा वर्षं कपाटावरून उतरली नव्हती. अशा वेळी जुन्या सिनेमांच्या मंडळाला त्याची आठवण आली. जाड, गुळगुळीत कागदाची पत्रिका घरी आली: सुसाट यांचा सत्कार आणि हास्यसंध्या. त्याच्या पहिल्या मूकपटातला तो ‘प्रसिद्ध खिडकीचा प्रसंग’ खास दाखवणार होते. मावशीने पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि कॉलरचा नमुना कापायला बरी म्हणून बाजूला ठेवली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तोंडात टाचण्या होत्या.

तो खिडकीचा प्रसंग काय होता, हे सांगायलाच हवं.

मूकपट मुका असला तरी तो जिथे बनायचा तिथे मुकाट्याने काही चालत नसे. नटीला रडू यावं म्हणून कॅमेऱ्याच्या मागे वाजवणारे बसवलेले असत. संध्याकाळी नाचघरात जॅझ वाजवणारा सुसाट दिवसा तिथे बसायचा. म्हणजे तेव्हा तो सुसाट नव्हता, चोवीस-पंचवीस वर्षांचा एक साधा ट्रम्पेटवाला होता. त्यांच्या वस्तीतल्या माणसाला पडद्यावर दोनच कामं मिळायची, दार उघडणं आणि तोंडावर पडणं. त्यापेक्षा कॅमेऱ्यामागे बसून दुसऱ्याला रडवणं त्याला बरं वाटायचं.

त्यांना तेव्हा एक मुलगी होती. नाव काही का असेना, दोघं तिला ठकी म्हणायचे. ठकी झोपायला फार त्रास द्यायची, म्हणून त्याने तिच्यासाठी एक धून बांधली होती. लांब, अगदी संथ. ट्रम्पेटच्या तोंडावर टोपी धरून तो ती हळूच वाजवायचा, मावशी खाली बसून पायाने पाळणा हलवायची. ठकीचा डोळा लागला की तो ट्रम्पेट खाली ठेवायचा आणि तीच धून, ट्रम्पेटच्या तीन कळा दाबाव्यात तशी, पाळण्याच्या कडेवर तीन बोटांनी दाबत राहायचा, आवाज न करता, पोर पुरती झोपेपर्यंत. मावशीला ती बोटं पाठ झाली होती. बोटं बघूनच तिला धून ऐकू यायची.

ठकी आठ महिन्यांची होऊन गेली. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सिनेमाच्या कारखान्यात एक प्रसंग होता. आई रिकाम्या पाळण्यापाशी उभी आहे. नटीला काही केल्या रडू येईना. दिग्दर्शक म्हणाला, वाजव रे काहीतरी. सुसाटच्या बोटांना दुसरं काही सुचलं नाही आणि त्याने ठकीची धून वाजवली. नटी रडली. दिग्दर्शकाने मान वळवून पाहिलं तर खिडकीपाशी उभा राहून, डोळे मिटून वाजवणारा हा माणूस. याचंही चित्र घ्या, तो म्हणाला. उजेड उतरत चालला होता, पण कॅमेरावाल्याने घेतलं.

तीन महिन्यांनी सिनेमा लागला. मावशी गल्लीतल्या चार बायकांना घेऊन थिएटरात गेली, स्वतः शिवलेला एकुलता एक चांगला पोशाख घालून. नवरा पडद्यावर येणार होता ना! आला. गाल बेडकासारखे फुगतायत, मान कोंबडीसारखी पुढे-मागे होतेय, खांदे उडतायत, आणि बोटं अंगात आल्यासारखी धावतायत. सगळं थिएटर हसलं. शेवटी त्याने ट्रम्पेट खाली केलं आणि खिडकीच्या कडेवर बोटं तुरुतुरु नाचवली, तेव्हा तर लोक खुर्च्यांवरून खाली घसरले. शेजारच्या बायकाही पोट धरून हसल्या. फक्त मावशीला ती बोटं वाचता येत होती. आपल्या मेलेल्या मुलीची झोपायची धून नवरा पडद्यावर माकडचेष्टा करत वाजवतोय, हे त्या अख्ख्या गर्दीत तिला एकटीला कळलं. ती उठली आणि बाहेर आली. त्यानंतर तिने थिएटरची पायरी चढायची नाही म्हणून कानाला खडा लावला.

तुम्ही ती हसवण्यासाठी वाजवलीत का, असं तिने त्या दिवशी घरी विचारलं. तो म्हणाला, नाही, मी संथच वाजवत होतो, उजेड कमी होता म्हणून कॅमेरावाल्याने कॅमेऱ्याचं हँडल हळू फिरवलं, त्यामुळे मी जोरात दिसलो.

“हळू फिरवलं म्हणून जोरात दिसलात?” मावशी म्हणाली. “मला खुळी समजता का?”

तुम्हीच विचार करा. हळू फिरवलेली गोष्ट जोरात कशी दिसेल? कुणालाही ती थापच वाटेल, आणि तीही धड न रचलेली. त्याने चार वेळा सांगून पाहिलं. एकदा त्याच दिवशी. एकदा वर्षाने, मुलगा झाला तेव्हा. एकदा दौऱ्यावरून पत्रात, खाली फितीवरच्या चित्रांचे चौकोन-चौकोन काढून. ते चौकोन बघून मावशीचं डोकं जास्तच फिरलं. चौथ्यांदा तर त्याने त्या कॅमेरावाल्यालाच साक्षीला घरी आणलं. तो शहाणा आधीच दोन पेले चढवून आला होता. दारातच हसत म्हणाला, “वहिनी, काय बोलता, त्या एका प्रसंगाने तुमच्या नवऱ्याचं कल्याण केलं.” मावशीने दोघांनाही दाराबाहेर काढलं. कल्याण म्हणे.

पण कल्याण झालं, हे खोटं नव्हतं. लोक हसले म्हणून सिनेमावाल्यांनी त्याला पुन्हा बोलावलं, या वेळी कॅमेऱ्यापुढे. चाळीसेक सिनेमांत तो पडला, आपटला, पाण्यात गेला, आणि प्रत्येकात एकदा तरी तसाच वेड्यासारखा ट्रम्पेट वाजवत सुटला. सुसाट हे नाव तेव्हाच चिकटलं. मग बोलपट आले आणि पंचाईत झाली. आता लोकांना ऐकूही येणार होतं. पडद्यावर बोटं जेवढी धावत होती तेवढंच खरंच वाजायला हवं, नाहीतर लोक पैसे परत मागतील. त्याने सहा महिने दिवसरात्र रियाज केला, ओठ फुटेपर्यंत, आणि तेवढ्या वेगाने वाजवायला शिकला. जी चपळ बोटं पुढे जॅझमध्ये गाजली, ती अशी आली. एका कॅमेरावाल्याने उजेड पुरावा म्हणून हँडल हळू फिरवलं, आणि एक माणूस आयुष्यभर त्याच्या मागे धावत राहिला. ठकीची धून त्याने पुन्हा कधीच वाजवली नाही, पण हे मावशीला कसं कळणार? ती ऐकायला जातच नव्हती.

संसार मात्र झाला. तो मोडायला कुणाला वेळ होता? मुलगा वाढला, शिकला, दूर गेला. गळणारं छप्पर, जेवणाची वेळ, मुलाचं पत्र, एवढ्यावर दोघांचं बोलणं भागायचं. मावशीचा राग त्या घरात तिसऱ्या माणसासारखा राहत होता. त्याला वेगळं ताट लागत नव्हतं, एवढंच.

पत्रिका आल्यावर आठवड्याभराने, सुसाट दातांच्या डॉक्टरकडे गेला असताना, एक बाई दारात आली. चाळिशीची, चष्मा कपाळावर, बोटांना कसल्यातरी औषधाचा वास. जुन्या फिती दुरुस्त करणं, तुटलेल्या जोडणं हे तिचं काम. मंडळाने तिला त्या सिनेमाची मूळ फीत दिली होती, आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती: खिडकीच्या प्रसंगात सुसाट यांनी नेमकं किती संथ वाजवलं होतं?

मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “संथ? त्या माणसाला संथ वाजवता येत नाही. पेपर वाचत नाही का तुम्ही?”

फीतवाली म्हणाली की ते मंडळात आले होते तेव्हा मी त्यांनाच विचारलं, तर ते म्हणाले, बायकोला विचारा, ती धून फक्त तिलाच माहीत आहे. मग तिने सगळं सांगितलं. उजेड कमी होता, तो प्रत्येक चित्राला जास्त वेळ मिळावा म्हणून त्या दिवशी हँडल हळू फिरवलेलं आहे, हे मूळ फितीवर स्पष्ट कळतं. म्हणून ते एवढे जोरात दिसतात.

मावशी उभीच राहिली. एक्कावन्न वर्षांनी पुन्हा तीच थाप, आणि आता तर दुसऱ्याच बाईच्या तोंडून. हळू फिरवल्यावर जोरात कसं दिसेल, हे तिने या वेळी ओरडून विचारलं. दारासमोरून जाणारा भाजीवाला थबकून बघायला लागला.

फीतवालीने आजूबाजूला पाहिलं. तिची नजर शिवणयंत्रावर गेली, मग टेबलावरच्या पत्रिकेवर. “कात्री द्या,” ती म्हणाली. तिने पत्रिकेच्या दोन लांब पट्ट्या कापल्या. सुईतला दोरा काढून टाकला आणि कागद मोकळा ओढता यावा म्हणून यंत्राचा दाबपाय वर उचलला. “मावशी, तुम्ही चाक फिरवा. कागद मी ओढते, दोन्ही वेळा अगदी एकसारखा. हा कागद म्हणजे तुमचे यजमान वाजवतायत ते. प्रत्येक भोक म्हणजे एक फोटो. आधी नेहमीसारखं फिरवा.”

मावशीने फिरवलं. कागदावर भोकांची दाट रांग उमटली. दुसऱ्या पट्टीला फीतवाली म्हणाली, आता हळू. मावशीने हळू फिरवलं. तेवढ्याच लांबीच्या कागदावर भोकं विरळ पडली. पहिलीवर साठ, दुसरीवर वीस.

“थिएटरातलं यंत्र कागद बघत नाही,” फीतवाली म्हणाली. “ते फक्त भोकं पुढे ढकलतं, ठरलेल्या वेगाने. साठ भोकांचं वाजवणं ते साठ भोकं जाईपर्यंत दाखवणार. आणि वीस भोकांचं?”

पन्नास वर्षं टाके मोजलेल्या बाईला ते कळायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. वीस भोकं म्हणजे वीस भोकांच्या वेळात सगळं उरकायचं. सगळी धून, सगळे श्वास, सगळं दुःख एक तृतीयांश वेळात. मान कोंबडीसारखी हलणारच. बोटं तुरुतुरु धावणारच. ती दुसरी पट्टी उजेडात धरून बसली. मग तिला राग आला, आणि तो पहिल्यांदा आला समोर बसलेल्या बाईवर. हे यंत्र याच घरात, याच टेबलावर, या सगळ्या वर्षांत होतं. चौकोन कसले काढत बसले हे? कुणा एकालाही हे चाक दाखवून सांगायची अक्कल का झाली नाही?

“मला बघितल्याशिवाय खरं वाटणार नाही,” ती शेवटी म्हणाली. तिला ते खरं न वाटणंच हवं होतं. खरं वाटलं असतं तर इतक्या वर्षांचं काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

फीतवाली म्हणाली, दाखवते, पण वेग तुम्हीच सांगा. मावशी खुर्चीत टेकली, टेबलाखाली पाय लांब केला आणि टाच पुढे-मागे हलवू लागली, जसा पाळणा हलवायची तसा. फीतवालीने मनगटावरचं घड्याळ समोर धरून मोजलं. पाय थांबला नाही. मोजून झाल्यावरही थोडा वेळ हलत राहिला. यांना काही सांगू नका, एवढंच मावशीने तिला जाताना बजावलं.

फीतवालीने मग प्रत्येक चित्र तीन-तीनदा छापून नवी फीत तयार केली आणि मंडळाच्या अध्यक्षाला दाखवली. अध्यक्षाने ती बघितली, छान आहे म्हणाला, आणि नको म्हणाला. लोक हसायला येणार आहेत. पियानोवाल्याने जलद चालीचा तुकडा बसवला आहे. शिवाय त्या प्रसंगाची लोकांच्या मनात एक आठवण आहे, ती कशाला बिघडवायची? जुनीच फीत लावा. मावशी हे ऐकून स्वतः त्याच्या कचेरीत गेली. अध्यक्ष फार गोड माणूस होता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तिच्या नवऱ्याने जगाला किती हसवलं ते तिलाच समजावून सांगितलं.

“ते हसवत नव्हते,” मावशी म्हणाली. “माझी मुलगी गेली होती.”

अध्यक्षाचा चेहरा क्षणभर पडला. मग तो म्हणाला की हीच तर खऱ्या कलावंताची थोरवी, आतून रडत जगाला हसवायचं. हे वाक्य भाषणात घ्यायला हवं म्हणून त्याने ते तिच्यासमोरच कागदावर उतरवून घेतलं. मावशीला त्याच्या हातातलं पेन त्याच्याच डोळ्यात खुपसावंसं वाटलं. तिने पाण्याचा पेला टेबलावर पालथा घातला आणि निघून आली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिने चांगले कपडे घातले तेव्हा सुसाट नुसता बघत राहिला. तू येणार, त्याने विचारलं. येणार, ती म्हणाली. का, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. थिएटरात त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि मावशीसाठी शेजारची खुर्ची पुढे केली. तिने ती घेतली नाही. जिना चढून ती थेट यंत्राच्या खोलीत गेली.

खोलीत उकडत होतं. फीतवाली टेबलापाशी उभी होती. समोर दोन गोल डबे, एक जुन्या फितीचा, एक नव्या. तिचा चेहरा उतरलेला होता. नोकरीचा प्रश्न आहे हो, ती म्हणाली, जुनी लाव म्हणून लेखी दिलंय त्यांनी. मावशीने दोन्ही डब्यांवरच्या चिठ्ठ्या नीट वाचल्या. जुन्या फितीचा डबा उचलला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर बसली. मावशी अंगाने भरलेली बाई होती.

“डबा सापडला नाही म्हणून सांग,” ती म्हणाली. “आणि दाराला कडी घाल.”

फीतवालीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग कडी घातली आणि नवी फीत यंत्रात ओवायला घेतली.

भिंतीतल्या छोट्या काचेतून मावशीला पडदा दिसत होता आणि पहिल्या रांगेतलं नवऱ्याचं टक्कल. दिवे गेले. पियानोवाला सुटला. खिडकी आली, खिडकीपाशी तो आला आणि लोक सवयीने आधीच हसले. मग त्याने ट्रम्पेट ओठाला लावलं, आणि मावशीने काचेच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं.

तो पंचवीस वर्षांचा होता. गाल फुगत होते ते श्वासाने, आणि श्वास लांब होता. मान हलत होती, पण तो प्रत्येक सुरापाशी थांबून मगच पुढे जात होता, पुढे जायची इच्छा नसल्यासारखा. बोटं खाली जायची आणि तिथेच राहायची. मावशीला धून ऐकू आली. एक्कावन्न वर्षांनी, एकही सूर न चुकता, तिच्या पायाच्या हिंदोळ्यावर. खाली पियानोवाला जलद तुकडा रेटत होता. तो अडखळला, पडद्याकडे बघत राहिला आणि थांबला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. यंत्र बिघडलं, कुणीतरी ओरडलं. जिन्यावर पावलं वाजली आणि अध्यक्ष दार ठोठावू लागला. मावशी काचेपासून हलली नाही. पडद्यावर त्याने ट्रम्पेट खाली केलं आणि खिडकीच्या कडेवर बोटं टेकली. ज्यावर लोक खुर्च्यांवरून घसरले होते तीच ती जागा. बोटं धून दाबत होती, आवाज न करता, पोर पुरती झोपेपर्यंत. डोळे मिटलेले होते आणि गाल ओले. एवढं पाणी कुणाला कसं दिसलं नव्हतं? इतक्या घाईत गेलं की दिसायला वेळच नव्हता.

खाली ते टक्कल मागे वळलं. सुसाट पडद्याकडे न बघता, उजेड जिथून येत होता तिकडे वर बघत होता.

दिवे लागले. कुणी हसलं नाही आणि कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. अध्यक्ष धापा टाकत व्यासपीठावर गेला आणि यंत्रातल्या बिघाडाबद्दल त्याने रसिकांची माफी मागितली. हे मावशीने वरून ऐकलं. एक्कावन्न वर्षं चुकीचं दाखवलं तेव्हा माफी नव्हती. बरोबर दाखवलं त्याची माफी. सुसाटला फुलं दिली. त्याने ती खुर्चीवर ठेवली आणि दाराकडे चालू लागला.

दोघं चालत घरी आली. आत आल्यावर मावशीने दार लावलं.

“चार वेळा सांगितलंत,” ती म्हणाली. आवाज चढलेला होता. “पाचव्यांदा का नाही सांगितलंत?”

तो खुर्चीत बसला होता. इतकी वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू लाल झाला. “तू पहिल्यांदा का नाही ऐकलंस?” तो म्हणाला. “लोक हसले ते मला समजत होतं. ते परके होते. तू मला ओळखत होतीस.”

मावशी स्टुलावर चढली, कपाटावरून पेटी उतरवली, पदराने धूळ पुसली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. “वाजवा,” ती म्हणाली.

त्याने पेटी उघडली. ट्रम्पेट ओठाला लावलं, फुंकलं. नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं, ओठ फडफडले, तोंडातले दात सरकले आणि त्याने ते काढून ठेवले. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही. ट्रम्पेट पेटीत परत ठेवलं. मावशीला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून तिने यंत्राचं चाक धरलं आणि तशीच उभी राहिली.

“बोटांनी तरी,” ती म्हणाली.

त्याने उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवला, तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. मावशी समोर बसली आणि टेबलाखाली तिचा पाय हलू लागला. बोटं सुरू झाली. धून तीच होती, पण बोटं धावत होती. तुरुतुरु, एकामागे एक, चाळीस वर्षं ज्या वेगाने ती पोटासाठी धावली त्याच वेगाने, तिच्या पायाला खूप मागे टाकून. मावशीने पुढे वाकून त्याच्या हातावर आपला हात दाबला. तिच्या तळव्याखालीही ती थांबेनात.

“सावकाश,” ती म्हणाली.

“सावकाशच वाजवतोय,” तो म्हणाला.